रोल धुवायला टाकलाय

ती मुळातच भित्री. लाँड्रीवाल्यांच्या घरात सून होऊन आली, पण वाफेच्या इस्त्रीनं फुस्स केलं की अजून दचकायची. कढत पाण्याच्या हौदाजवळ जायची तर पदर सावरत, लांबूनच. फोन वाजला की आधी नवऱ्याकडे बघायची. नवरा चिडवायचा, "हिला शिंकसुद्धा विचारून येते!" सासरे मात्र कधी चेष्टा करत नसत, आणि नेमकी त्यांचीच तिला जास्त धास्ती. रागीट माणूस ओरडून मोकळा होतो. पण चांगल्या माणसाचं मन मोडलं, तर तोंड कुठे लपवायचं?

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर बदलताना फोटोंची पेटी गहाळ झाली ती झालीच. उरला होता एक ओळखपत्रावरचा फोटो, आणि त्यात सासूबाई नुकत्याच चोरी करताना पकडल्यासारख्या दिसत. "अशी नव्हती गं ती," बाबा म्हणायचे. "हसली की... छे, आता मलाच नीट आठवत नाही." हे म्हणताना म्हातारा अगदी कावराबावरा व्हायचा.

मग माळ्यावर जुना कॅमेरा सापडला. आत रोल होता, पुरता वापरलेला. बाबा लहान पोरासारखे हरखले आणि त्यांनी रोल धुऊन देणारा शोधत शहर पालथं घातलं. पहिल्या स्टुडिओत आता नुसते पासपोर्टचे फोटो निघत होते. दुसरा म्हणाला, बाहेरगावी पाठवावा लागेल, आणि त्यानं असा आकडा सांगितला की बाबा आल्या पावली परतले. तिसऱ्या दुकानात चपला विकायला होत्या. शेवटी त्या चपलावाल्यानंच एका बाईंचा पत्ता अन् नंबर दिला. बाई घरातच रोल धुतात, छापतात, आणि गरिबाला परवडेल एवढंच घेतात.

दुसऱ्या दिवशी बाबा कपडे पोचवायला निघाले. बाईंच्या पत्त्याची अन् नंबराची चिठ्ठी भिंतीवर डकवलेली होती. जाता जाता ते म्हणाले, "सूनबाई, तो रोल धुवायचाय. टेबलावर ठेवलाय."

आता लाँड्रीतल्या टेबलावर जे ठेवतात, ते धुवायचंच असतं. तिनं जन्मात रोल पाहिला नव्हता. फोटो म्हणजे फोनमधला. हे लोखंडी डबडं कशाला धुवायचं, असं मनात आलंही. पण उलट विचारायची छाती होईना; बाईंकडे न्यायच्या आधी घरी स्वच्छ करायचा असेल, असं तिनं धरलं. तिनं घमेल्यात साबणाचं पाणी केलं आणि रोल त्यात टाकला.

नवरा आला, घमेल्यात डोकावला आणि मटकन खाली बसला. "अगं, हे काय केलंस? आईचे फोटो होते त्यात!"

तिच्या डोळ्यांपुढे बाबांचा तो कावराबावरा चेहरा आला. पळून जावं, असंच वाटलं तिला. पण चिठ्ठी समोर होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणालाही न विचारता फोन लावला.

"सुकवू नकोस!" बाई पलीकडून ओरडल्या. "सुकला की चिकटून बसेल. साध्या पाण्यात बुडवून तसाच आण. आत्ताच्या आत्ता!"

डबा मांडीवर घट्ट धरून ती बसमधून गेली. प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली होत होता. पाणी सांडलं तर? बाईंनी नाहीच म्हटलं तर? आणि बाबा घरी येऊन रोल शोधायला लागले तर?

बाईंनी दार उघडताच विचारलं, "पाणी कढत होतं?"

"कोमट. मला कढत पाण्याची भीती वाटते."

"मग तुझ्या भीतीचे उपकार मान. कढत असतं, तर सगळं विरघळून गेलं असतं." बाई रोल घेऊन आत गेल्या. आतून कडी लागली. ती बाहेर बाकावर हातांच्या मुठी आवळून बसून राहिली. आतून पाण्याचा आवाज आला तरी तिला धडकी भरत होती.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. बरंचसं काळवंडलं होतं, चार फोटो निघाले होते. तिनं ते घाईनं पाहिले, पुन्हा पाहिले. चारही फोटोंत बाबाच! तरुण, मिशीवाले, खो खो हसणारे. सासूबाई एकातही नव्हत्या.

ती घरी पोचली. बाबा दारातच उभे होते. मुलानं सगळं सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. हात तेवढा पुढे केला. पहिला फोटो पाहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग चारही उलटून मागून पाहिले.

"ती कुठाय?" त्यांनी विचारलं. "सूनबाई, ती कुठाय गं?"

ती पुढे झाली आणि फोटोतल्या त्या हसऱ्या चेहऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"बाबा, हा फोटो काढला कुणी? तुम्ही हसताय कुणाकडे बघून?"

बाबा फोटो डोळ्यांजवळ धरून किती तरी वेळ पाहत राहिले. मग ते तोंड झाकून रडायला लागले, आणि रडता रडताच म्हणाले, "आठवली गं."