मान उचल, गजानन

ताई गेल्याचं मला रिसोडच्या बाजारात कळलं. सोयाबीनचं माप चालू होतं आणि शेलूबाजारकडून आलेला एक जीपवाला गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आला. "मास्तर, तुमच्या सिस्टरबाई... सकायी गेल्या म्हन्ते." चहा घेता घेता मागे टेकली ती टेकलीच, असं भाचीनं नंतर सांगितलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. माझी मोठी बहीण सुशीला तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती, निवृत्त होईपर्यंत तिथंच. मी शाळेत मास्तर, आणि घरची थोडी शेतीही बघतो. तिच्याबद्दल लिहायला बसलो की मी गजाननपाशी येऊन थांबतो. त्या गोष्टीत तिचा मोठेपणा आहे, आणि माझी चूकही आहे...

गजानन आमच्या गावचा, तेव्हा तिशीच्या आतला, फवारणीला सगळ्यांना हवा असणारा. त्या वर्षी आमची कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि अळीनं पानांची चाळण केली होती. दुकानदारानं दोन औषधं एकत्र करायला सांगितली, मी ती केली. वारा उलटा होता. गजानन म्हणाला, "मास्तर, उद्या मारू का?" आणि मी म्हणालो, "आजच उरकून टाक." तोंडाला साधा रुमाल बांधून तो दिवसभर फिरला. चार वाजता बांधावर बसला, तो उठलाच नाही. तोंडातून लाळ, अंगाला घामाच्या धारा, छातीत घरघर. त्याला जीपमध्ये घालून आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ताई दारातच होती. तिनं आधी त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मग आमच्यावरच ओरडली, "कपडे कायले ठेवले आंगावर? जहर कपड्यातूनच आंगात जाऊन राह्यलं ना!" त्याचे कपडे काढून तिनं साबणानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, नखांच्या खालीसुद्धा. डॉक्टरबाईंनी अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. विष उतरवायला दर काही मिनिटांनी त्याचं इंजेक्शन, आणि मध्ये ताईचा कान त्याच्या छातीवर. छाती कोरडी होईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच त्या दोघींना ठाऊक होतं. मध्येच ताईनं मला विचारलं, "कोनाच्या वावरात होता?"

"आपल्याच," मी म्हणालो.

तिनं पुन्हा त्याच्या छातीला कान लावला. "औषदाच्या बाटल्या घेऊन ये. दोन्ही. डॉक्टरबाईले नावं पायजेत." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गजानन बरळत होता, हवेत हात मारत होता. त्याच्या बायकोला, वंदनाला वाटलं नवरा वेडा झाला. इंजेक्शनांनी होतं असं, उतरेल, असं ताईनं तिला जवळ बसवून समजावलं. आणि उतरलंही. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, पेज प्यायला, वंदनाशी हसून बोलला. त्याचे वडील नामदेवकाका पिशवी भरून तयार. "सिस्टरबाई, पोरगा बरा झाला. परवा पोळा हाये, घरी नेतो त्याले."

ताई रोज दोन-दोन तासांनी त्याला एकच गोष्ट करायला लावायची. आताही ती खाटेशी गेली, त्याला आडवं केलं. "मान उचल, गजानन. उशीवरून." त्यानं उचलली... दोन बोटं वर आली आणि पडली. "पुन्हा." पुन्हा पडली. सकाळी हाच माणूस मान उचलून दाराकडे बघत होता.

"झोप झाली नाई त्याची," काका म्हणाले.

"काका, हे झोप नोहे. मानीतला जोर गेला, आता छातीतला जाईन. मंग श्वास कोन घेईन त्याच्यासाठी?"

काका चिडले. आम्ही सही करून नेतो म्हणाले. ताई दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "न्या. पन आधी तुमीच त्याची मान उचलून दाखवा." काकांनी मुलाच्या मानेखाली हात घातला, डोकं उचललं, आणि हात काढताच ते लुळं पडलं. काका खालीच बसले. डॉक्टरबाईंनी तपासून लगेच अकोल्याला पाठवायचं ठरवलं. तिथं श्वासाचं मशीन होतं. ताईची ड्युटी संपली होती, तरी ती गाडीत चढली. अर्ध्या वाटेवर गजाननचा श्वास खरंच थांबत आला. पुढचा सगळा रस्ता ताई त्याच्या तोंडावर मास्क धरून हातानं हवेची पिशवी दाबत राहिली. मी समोर बसून बघत होतो. खड्ड्यांनी गाडी उडत होती, तिची बोटं पांढरी पडली होती, पण पिशवीची लय चुकली नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुणी ओळखलं हे वेळेवर?" तेव्हा माझी तोंडानं फटकळ, अंगानं बारकी बहीण छाती काढून म्हणाली, "म्या."

गजानन अकरा दिवस मशीनवर राहिला आणि पायांवर चालत घरी आला.

त्याला घरी आणलं त्या दिवशी, अकोल्याहून परत येताना एसटीत ती मला म्हणाली, "विलास, तुयामुळं मेला असता तो." मला रडू आलं. तिनं सांत्वन केलं नाही. "रडू नको. उद्या काकाजवळ जाऊन बैस. अन् सांग, चूक मायी होती म्हनून." मी गेलो, सांगितलं. काकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

ताईला कौतुक आवडायचं, हे सांगायला हवं. कुठल्याही लग्नात गजानन दिसला की ती पाहुण्यांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगायची, "तो पाह्य, तो माया हाये." गजानन लाजायचा. तिच्या अंत्ययात्रेत पुढचा खांदा त्यानं कुणाला दिला नाही.

मागच्या रविवारी वाशिमला तिच्या खोलीत बसलो होतो. खिडकीत तिचा मोबाईल चार्जिंगला होता. "बंद करवत नाही, मामा," भाची म्हणाली, "लोक अजून फोन करतात." आणि तो वाजलाच. जऊळक्याकडची कुणी बाई, रडत. "सिस्टरबाई, तुरीवर फवारून आले मालक, ओकून राह्यले... मिठाचं पानी पाजू का?"

"काही पाजू नका," मी म्हणालो. "मी त्यांचा भाऊ बोलतो." पुढचं सगळं, कपडे काढण्यापासून औषधाची बाटली सोबत नेण्यापर्यंत, तोंडातून आपोआप आलं. कुठलाच शब्द माझा नव्हता.

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. भरती केलं होतं, इंजेक्शन चालू होतं, छाती मोकळी होत होती. "दादा, सिस्टरबाईले सांगजा बरं, मालक बोलून राह्यले म्हनून."

भाची माझ्याकडे बघत होती.

"सांगतो," मी म्हणालो.