गिरजाबाईंचा नकार

प्रमोदने स्ट्रेचर स्वतःच ढकलत डायलिसिस युनिटच्या दारापर्यंत आणलं. सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती आणि सगळे बेड भरलेले होते.

"मॅडम, मशीन लावा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता लावा."

स्ट्रेचरवर त्याची आई होती, गिरजाबाई. श्वास जोरजोरात चाललेला, चेहरा सुजलेला. हाक मारली की फक्त भुवया हलायच्या. आमच्याकडे येणं त्यांनी आठवडाभरापूर्वी बंद केलं होतं. तसं त्यांनी पूर्ण शुद्धीत ठरवलं होतं आणि ठरवताना प्रमोद त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता.

मी फिजिशियन. तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात डायलिसिस युनिट माझ्याकडे होतं. किडन्या बंद पडल्या की अंगातलं पाणी आणि घाण बाहेर पडत नाही. मग आठवड्यातून दोन-तीनदा रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून फिरवून साफ करायचं आणि परत अंगात सोडायचं. याने किडनी बरी होत नाही. पेशंट पुढच्या पाळीपर्यंत तग धरतो, एवढंच.

गिरजाबाईंची वडशाला खानावळ होती. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्या त्यांच्याकडे जेवायच्या. हिरो असो की व्हिलन, ताट ज्याचं त्याने धुवायचं, असा त्यांचा नियम होता. नवरा लवकर गेला. प्रमोद एकुलता एक, घुग्घुसला कोळसा खाणीत नोकरीला. बाई आमच्याकडे यायला लागल्या तेव्हा बसने एकट्या यायच्या आणि मशीनवर पडल्या पडल्या सिस्टर लोकांना वरणाला फोडणी कशी द्यायची ते सांगायच्या.

चौथ्या वर्षी सगळं बिघडत गेलं. हातातला फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी जोडून सुईसाठी तयार केलेली जागा, दोनदा बंद पडला. मानेत नळी टाकली, तर तिला इन्फेक्शन झालं. हृदय थकलेलं, म्हणून मशीनवर बीपी खाली यायचं आणि त्या थरथरायच्या. घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठवत नसे. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुढची पाळी. किडनी बदलायची म्हटली, तर ते ऑपरेशन हृदयाला झेपणार नव्हतं.

एकदा राउंडला त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, मले आता हे नोको. एक सुई द्या अन् मोकळी करा."

"ती सुई मी देणार नाही, बाई. कायद्यात बसत नाही. बसली असती तरी मी दिली नसती."

"मंग मी इथी येनंच बंद केलं तं?"

"तो तुमचा हक्क आहे. उपचार नको असं तुम्ही म्हणू शकता."

"दोन्हीनं मी मरनच ना. मंग फरक काय राह्यला?"

"सुई दिली तर तुम्हाला मी मारलं असं होईल. मशीन थांबवलं तर तुम्ही आजाराने जाल, आणि तोवर तुमचा त्रास कमी करायचं काम माझं."

"तुमचा फरक तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "माह्यं काम झालं."

हा फरक सगळ्यांना पटत नाही. माझ्या ओळखीतले चांगले डॉक्टरही यावर माझ्याशी भांडतात. मला तो पटतो, आणि मी त्यावरच काम करते.

पण एकदा नको म्हटलं म्हणून आम्ही लगेच थांबवत नाही. खचलेला माणूसही असंच बोलतो, आणि खचणं औषधाने बरं होऊ शकतं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. रक्त कमी होतं ते वाढवलं. मशीनचा वेग कमी केला, वेळ बदलून पाहिली. महिनाभराने पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग प्रमोदला आणि सुनेला, वनिताला, बोलावून घेतलं. पुढे काय होईल तेही लपवलं नाही. झोप वाढेल, भूक जाईल, श्वासाला त्रास होईल, त्यावर औषध देता येईल.

गिरजाबाईंनी ते सगळं मान हलवत ऐकलं. मग मुलाकडे बोट केलं.

"मी बेसुद झाली का हा मले घेऊन येईन. तुमी म्हणसान, एकदा लावून पाहू. मी उठीन. अन् मंग हे मरनं मले पुन्हा पयल्यापासून सुरू करा लागन. एकदाबी लावू नोका."

प्रमोदची मान खाली होती. मी त्याला नाव घेऊन विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तिची मर्जी." केसपेपरवर सगळं लिहिलं, सह्या घेतल्या.

आणि आता तोच दारात उभा होता.

आवाज ऐकून सुपरिटेंडेंट सर आले. "लावून टाका ना, मॅडम. शुद्धीवर आल्या की पुन्हा विचारू."

"सर, नेमकं हेच करू नका असं त्यांनी सांगितलंय."

"आणि चौकशी लागली तर?"

"माझी लागेल. तुम्ही लावा म्हणालात आणि मी नाही म्हणाले, असं लिहून देते."

ते केबिनकडे परत गेले. मी सिस्टरला ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि प्रमोदला शेजारच्या खोलीत नेलं.

"गल्लीतले लोकं म्हणून राह्यले, मायले घरी ठेवून मारून राह्यला," तो म्हणाला. "तिचा श्वास पाहवत नाई, मॅडम."

"त्या दिवशी तुम्ही इथेच होतात."

"होतो. पण ऐकणं वेगळं अन् पाहणं वेगळं."

त्याचं बरोबर होतं. घरी दिलेल्या औषधाने आता भागत नव्हतं आणि आई डोळ्यांसमोर तडफडत होती. पण त्यावर मशीन हा एकच उपाय नव्हता.

"श्वासाचा त्रास मी मशीनशिवाय कमी करते," मी म्हणाले. "त्यांना इथेच ठेवू."

"म्हणजे इलाज चालू आहे असं सांगू लोकायले?"

"चालू आहेच."

कोपऱ्यातली खोली रिकामी करून घेतली. मॉर्फिनच्या जातीचं, पण किडनी बंद असलेल्या माणसाला चालेल असं एक औषध असतं. त्याने श्वासाची धडपड थांबते. सिरिंज भरताना प्रमोद माझ्या हाताकडे पाहत होता.

"हे मारायचं औषध तं नाई ना?"

"नाही. थोडं देणार, श्वास बघणार, लागलं तरच पुन्हा थोडं देणार. मी इथेच बसते. तुम्हीही बघा."

तो बघत राहिला. तासाभरात श्वास हळू झाला, कपाळावरच्या आठ्या गेल्या. वनिता आली. ओठांना ओला कापूस लावायचं काम प्रमोदने सिस्टरकडून मागून घेतलं आणि मग कुणाला करू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरजाबाई गेल्या. शेवटी काहीतरी बोलतील म्हणून प्रमोद वाट पाहत होता. त्या काही बोलल्या नाहीत.

महिन्याभरात तक्रार आली. बाईंच्या भावाने केली होती: मशीन असूनही डॉक्टरने लावलं नाही. चौकशी समितीने कागद पाहिले, मला प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग प्रमोदला बोलावलं. तो खाणीतून सुट्टी टाकून आला.

"आईनं नाई म्हटलं होतं, माह्यासमोर," तो म्हणाला. "आणलं ते मी घाबरून. मॅडमनं तिचं ऐकलं."

मामाशी त्याचं बोलणं नंतर बराच काळ बंद होतं, असं वनिताकडून कळलं. तक्रार निकाली निघाली. सुपरिटेंडेंट सरांनी माझं अभिनंदन केलं नाही, पण युनिटमध्ये घरच्यांशी बसून बोलता यावं म्हणून एक टेबल आणि चार खुर्च्या मंजूर केल्या.

मी त्या खुर्च्या वापरल्या. पेशंट नवीन असतानाच, धडधाकट बोलत असतानाच विचारायला लागले, की हे केव्हा थांबवावंसं वाटेल. बरेच जण रागावतात. डॉक्टर पहिल्याच महिन्यात मरणाचं काढते म्हणून कुणी युनिट बदलूनही जातात. जाऊ देत. विचारताना मी एवढंच बघते, की घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त घाबरणारं आहे, ते समोरच्या खुर्चीवर बसलेलं आहे ना.