पायलीच्या पत्र्याचे फर्मे

साठच्या दशकात बालाघाटच्या बाजारात पायलीने धान मोजणे बंद झाले. किलोचे काटे आले. माझे वडील जस्ती पत्र्याच्या पायल्या बनवून विकत. त्या उन्हाळ्यात दुकानात न खपलेल्या पायल्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. लालबर्र्याच्या एका राईस मिलने त्यांना चौकीदारी देऊ केली. दिवाळीपर्यंत हो-नाही कळवायचे होते.

आई आणि मी घरी बिड्या वळत होतो. भिजवलेले तेंदूचे पान डाव्या हातात धरायचे, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि कडेने कात्री फिरवायची. पाने देऊन बिड्या करवून घेणाऱ्या सट्टेदाराने दिलेला फर्मा पातळ होता. तो पानावरून घसरे, अंगठ्यात रुते.

वडिलांनी एक पायली उकलली, पत्रा ठोकला आणि सट्टेदाराच्या फर्म्याच्या मापाचे सहा फर्मे कापले. माप बरोबर आले. पायलीची गोलाई मात्र पत्र्यातून पुरती जाईना. दोन दिवस ठोकल्यावर त्यांनी सहाही फर्मे भंगारात टाकले.

आईने ते उचलले. "अवो, काहून फेकून राह्यले?"

"वाकडे हायेत."

"मंग? पान धरतो तवा बोटं का सरळ रायतात?"

तिने एक फर्मा पानावर ठेवला. तो बोटांच्या बाकावर बसला, घसरला नाही. संध्याकाळपर्यंत तिने त्यावरच पाने कापली. दुसऱ्या दिवशी सट्टेदाराने तिच्या बिड्या तपासल्या. मापावरून एकही बाद केली नाही.

शेजारची काकू फर्मा मागायला आली. वडील म्हणाले, "थांबा वयनी, अजून थोडा सरळ करून देतो."

"सरळ करान तं तुमच्यापाशीच ठेवा, भाऊजी. उंदीर हाकलाले कामी येईन."

वडील हसले नाहीत. त्यांनी तिला पान धरायला लावले, बोटांचा बाक पाहिला आणि तेवढीच गोलाई ठेवून फर्मा दिला. नंतर मागायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ते आधी पान धरून दाखवायला सांगत. पावसाळा संपेपर्यंत पायल्यांची रास कमरेइतकी उरली. परसवाड्याच्या बाजारातही ते फर्मे विकायला बसू लागले.

दिवाळीच्या आधी ते लालबर्र्याला जाऊन नाही सांगून आले. मिलची चौकीदारी किरनापूरच्या एका माणसाला मिळाली.