नथ आणि काळीची भेग

तुळशीवृंदावनातली माती उन्हाने तडकली होती. तांब्याभर पाणी ओतलं आणि त्या वासासरशी मी मेडशीच्या, सासरच्या वावरात जाऊन बसले, नव्या नवरीच्या लुगड्यात.

वैशाखात तिथली काळी माती हातभर खोल फाटलेली. माहेरी जाण्याआधी बांधावरच्या देवाच्या पाया पडायचं, म्हणून मी वाकले आणि सासूबाईंनी घातलेली त्यांची नथ माझ्या नाकातून निसटून थेट भेगेत गेली. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी नाकच हरवलं.

मला न्यायला आलेले बाबा बरडावरचे, मुरमाड रानातले. त्यांनी विहिरीवरून घागर आणली. “पाणी टाकून माती नरम करू, मंग खणू.”

आमच्या मुरमात हे अगदी बरोबर. पण इथे अंगणात भांडी घासताना मी पाहिलं होतं, पाणी पडलेली भेग सकाळपर्यंत मिटायची. मी सरळ भेगेवर बसले.

“बाबा, घागर खाली ठेवा. पाणी पेली की हे काळी फुगते. नथ गिळून तोंड मिटून घेईन.”

“पोरी, ऊठ. लोक पाहून राह्यले.”

“पाहू द्या. नथ घेतल्याबिगर मी उठत नाही.”

सासूबाईंनी पदर खोचला, विळा घेतला. “सरक थोडी. मले बी बसू दे.”

दोघींनी कोरडी ढेकळं उपसली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा नथ लागली. सासूबाईंनी ती फुंकून माझ्या नाकात घातली आणि बाबांकडे वळल्या.

“व्याहीबुवा, आना आता ते घागर. माह्या सुनेले तहान लागली असन.”