कपडे झटकण्याविषयी एक ओळ

आबा कामावरून यायचे ते पांढरे होऊन. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, शर्टाच्या खिशात चिमूटभर पांढरी भुकटी. सिमेंटचे पत्रे छपरावर बसवायचं काम ते करत आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे पत्रेवाले म्हणत. शाहूवाडीकडचे गोठे, जोतिबाच्या वाटेवरची गुलाल-खोबऱ्याची दुकानं, पेठेतल्या माड्या; निम्म्या जिल्ह्यावर आपल्या हातचं छप्पर आहे असं ते सांगत. त्यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं.

दारात आले की शर्ट काढून ते आईच्या हातात द्यायचे. आई तो मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी न्यायची आणि दोन्ही खांद्यांना धरून झटकायची. फाट् असा आवाज व्हायचा. उतरत्या उन्हात धूळ तरंगत राहायची, आणि आई डोळे बारीक करून, तोंड जरा बाजूला वळवून पुन्हा झटकायची. न झटकता भिजवला तर सिमेंट कापडात धरतं आणि शर्टाचा पुठ्ठा होतो, असं तिचं म्हणणं होतं. कपड्यांच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

मी तिथेच पायरीवर गृहपाठ करत बसलेली असायचे. ओलं सिमेंट, घाम आणि तंबाखू यांचा मिळून एक वास यायचा. त्या वासाची मला अजून इतकी ओढ आहे की कुठे बांधकाम दिसलं तर मी गाडी हळू करते. आता त्या धुळीविषयी सगळं माहीत आहे. तरी करते. एक संध्याकाळ परत मिळणार असेल तर मी ती मागून घेईन, आणि मागितल्यावर आईच्या हातातला शर्ट हिसकावून घेईन. नुसती मागून भागायचं नाही.

पत्र्यांवर एक इशारा छापलेला असायचा. इंग्रजीत. मी पाचवीत गेले, इंग्रजी सुरू झालं, आणि आबांनी मला पहिली वाचायला लावलेली गोष्ट म्हणजे तो इशारा. मी एकेक अक्षर जुळवत वाचला. मग त्याचा कार्यक्रमच झाला. गिऱ्हाईक घरी आलं की आबा मला हाक मारायचे, अंगणात उभ्या केलेल्या पत्र्यापुढे उभं करायचे आणि म्हणायचे, "पावणं, ऐका. आमची पोरगी इंग्रजी वाचती."

मी हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणतात तशी म्हणायचे. ब्रीदिंग अ‍ॅस्बेस्टॉस डस्ट इज डेंजरस टू हेल्थ. पाव्हणे माना डोलवायचे. एकाने तर मला लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या. ही धूळ छातीत गेली तर धोका आहे, एवढंच त्या कवितेत होतं. पण याचा अर्थ काय, असं एकानेही कधी विचारलं नाही. मलाही तो कुठे कळत होता म्हणा. कॉलर मात्र ताठ असायची, माझी आणि आबांचीही.

सातवीत मला शब्दकोश मिळाला. तेव्हा पत्र्यांच्या गठ्ठ्यात कधीमधी एक पत्रकही यायचं. एका रविवारी मी ते पुढ्यात घेऊन बसले आणि जेवताना सगळ्यांना मराठीत सांगितलं. कापायच्या आधी पत्रा ओला करा. नाकाला फडकं बांधा. कामाचे कपडे घरी नेऊ नका, झटकू नका.

आईने भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "मग काय पत्रेवाल्यांनी उघडंच यायचं व्हय गल्लीतनं?"

आबांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. आई पदर तोंडावर धरून हसत होती. सगळ्यात जास्त मी हसले. ते पत्रक नंतर आईने फडताळात डब्यांखाली अंथरलं. कागद चांगला जाड होता.

आई जाऊन आता तीन वर्षं होतील. आधी पाठीत दुखायचं, मग जिना चढताना धाप लागायला लागली, मग छातीत पाणी झालं. पाणी काढलं की पुन्हा व्हायचं. फुप्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग, असं शेवटी निदान झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात कुणी अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचं काम करत होतं का? आबा तेव्हा खाली चहाला गेले होते. मी सांगितलं, वडील करायचे, तीस वर्षं. आणि त्यांचे कपडे? ते म्हणाले. मी म्हटलं, आई झटकायची. एका माणसाच्या बाबतीत अगदी शपथेवर सांगता येत नाही, पण हा आजार बहुतेक वेळा याच धुळीने होतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला.

आबा वर आले तेव्हा त्यांच्या हातात शहाळं होतं. "काय म्हणला डाक्टर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वयोमानानं होतंय, आबा." आई त्रेसष्टची होती. आबांनी मान हलवली आणि शहाळ्यात नळी घालून आईच्या तोंडाशी धरलं. ज्याने रोज प्रेमाने, न चुकता, स्वतःच्या हाताने शर्ट दिला त्याला हे कसं सांगायचं? मी ठरवून टाकलं की आबांना हे कधीच कळता कामा नये. आई गेली, त्यांचं आयुष्य तरी शांतपणे सरू दे.

माझं पेठेतच फ्लेक्सचं आणि छपाईचं छोटं दुकान आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, फुटबॉलच्या मोसमात तालमींच्या संघांचे बोर्ड, कधी बैलाचा वाढदिवस, कधी कुत्र्याचा. कुत्र्याच्या बोर्डावरही शुभेच्छुक चाळीस असतात. आई गेल्यापासून आबा रोज दुपारी चारला येऊन बसायचे आणि टेबलावरचं जे दिसेल ते वाचायचे. "ह्यो गेल्या वर्षी दुसऱ्या पक्षात हुता की," असं ते मोठ्याने म्हणायचे आणि गिऱ्हाइकासमोर माझी पंचाईत करायचे.

यंदा पत्र्यांचे एक व्यापारी काम घेऊन आले. कंपनीकडून सूचना आली होती म्हणे, गिऱ्हाइकाला धोक्याची माहिती त्याच्या भाषेत द्या. पत्र्यावर चिकटवायचं लेबल आणि सोबत एक पत्रक, दोन्ही मराठीत हवं होतं. इंग्रजी मजकूर त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी पहिली ओळ वाचली. शब्द थोडे बदलले होते, बाकी सगळं ओळखीचं.

"ताई, थोडक्यात बसवा," ते म्हणाले. "ते कपड्याचं काढून टाका. बायका घाबरत्यात, मग गिऱ्हाईक पळतंय."

मी ती ओळ काढली. खरं सांगते, त्यांच्यासाठी नाही काढली. चार वाजत आले होते आणि आबा येणार होते. ओळ गेल्यावर पत्रक फार छान दिसायला लागलं, सुटसुटीत, चारी बाजूंनी सारखी जागा. मी ते बघत बसले. मग मला वाटलं, आत्ता या घडीला जिल्ह्यात कितीतरी बायका मागच्या दारी उभ्या असतील, खांद्यांना धरून शर्ट झटकत. त्यांना कुणी सांगायचं? मी ओळ परत घातली. तिच्या खाली मूळ मजकुरात नसलेलं एक वाक्य स्वतःच्या मनाने घातलं. व्यापाऱ्यांना फोन करून सांगितलं, ओळ राहील, नाहीतर दुसरीकडे छापा. ते कुरकुरले, पण राजी झाले. नमुन्याची प्रत काढून मी टेबलावर पालथी ठेवली.

पालथ्या कागदाने आबांना कधी थांबवलं होतं? आल्या आल्या त्यांनी तो उलटा केला. चष्मा लावला. बोट ठेवून वाचायची त्यांची पद्धत आहे. धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका. पत्रा ओला करून कापा. तुकडे इकडेतिकडे टाकू नका. मग बोट थांबलं.

कामाचे कपडे घरी झटकू नका. झटकणाऱ्याच्याही छातीत ही धूळ जाते.

मी माऊस हातात धरून बसले होते. पडद्यावर कुणाचा तरी वाढदिवस होता.

"ही ओळ तुझ्या मनाची हाय?" आबांनी विचारलं.

"दुसरी माझी. पहिली मूळचीच आहे."

"पयल्यापास्नं?"

"पहिल्यापासून, आबा."

त्यांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी चहाला गेलतो तवा डाक्टर तुला काय म्हणलाता?"

मला खोटं बोलता आलं नाही. सांगितलं सगळं. आबांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली, टोपी उचलली आणि गेले. त्यांचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी घरी गेले की ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. जेवायला वाढलं तर दोन घास खाऊन ताट सारायचे. मी स्वतःला शिव्या घातल्या. तीन वर्षं तोंड मिटून सांभाळलं आणि एका ओळीपायी घालवलं. आई असती तर म्हणाली असती, शहाणपणा नडला तुझा. तिचं ते बोलणंही मला हवं होतं.

आठव्या दिवशी आबा सकाळीच दुकानात उभे. "त्या कागदांचा एक गठ्ठा दे," म्हणाले. "आन् मला शाहूवाडीकडं सोड."

तिकडच्या एका गावात त्यांचा जोडीदार राहायचा. दोघांनी मिळून वीस वर्षं पत्रे बसवले. तो वारला, आता त्याचा मुलगा तेच काम करतो. स्कूटीवर आबा मागे बसले, गठ्ठा मांडीवर. वाटेत भाताची खाचरं लागली आणि मधूनमधून छपरं दिसत होती. एरवी ते प्रत्येकाकडे बोट दाखवून हे माझं, ते माझं म्हणाले असते. त्या दिवशी ते दोनदाच बोलले. एकदा खड्डा आला तेव्हा आणि एकदा वळण चुकलं तेव्हा.

मुलगा कामावर गेला होता. त्याची बायको मागे न्हाणीपाशी होती. आम्ही वळसा घालून गेलो तेव्हा तिच्या हातात नवऱ्याचा कालचा शर्ट होता, आणि तोच आवाज आला. फाट्. माझे पाय तिथेच थांबले. धूळ उन्हात तशीच तरंगत होती.

"अगं, झटकू नको ते," आबा म्हणाले.

"या की मामा," ती हसून म्हणाली. "का ओ? झटकल्याबिगर सिमेंट निघतंय व्हय?"

आबांनी गठ्ठ्यातला एक कागद काढून तिच्या हातात दिला. "वाच. मराठीत हाय." तिने वाचला, आणि पदराचं टोक आपोआप तोंडाकडे नेलं.

"हे खरं असतंय, मामा? कागदावर काय बी लिवत्यात."

आबा धुण्याच्या दगडावर बसले. त्यांना धाप लागली होती. "तुझी मामी झटकायची," ते म्हणाले. "तीस वर्सं. त्यातनंच गेली ती. मी रोज माझ्या हातानं तिला शर्ट द्यायचो."

आई गेल्यापासून तिच्याविषयी त्यांच्या तोंडून मी इतकं कधी ऐकलं नव्हतं. ती बाई शर्ट तसाच अंगापासून लांब धरून उभी राहिली. मग तिने तो बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवला आणि ओल्या हाताने आबांना पाण्याचा तांब्या दिला.

"आल्यावर सांगतो मी त्यास्नी," ती म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "मग तुमचे कपडे आता कोण धुतंय, मामा?"

"मीच धुतो की," आबा म्हणाले. "तवाच धुवायला पायजे हुते."

मी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मला जमलं नाही. मला तेव्हा आई हवी होती, तिथेच, त्या दगडापाशी, त्यांचं हे ऐकायला.