तुळशीच्या लग्नाआधीचा उतार

कुणी मला ‘थांब, घाई काय आहे?’ असं म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. असं सांगणाऱ्याला स्वतःला कधी थांबायचं नसतं. माझ्या लग्नाच्या वर्षी मला हे घरातल्या प्रत्येकाने सांगितलं, आणि नेमकं त्याच वर्षी थांबणं मला परवडणारं नव्हतं.

आमचं गाव मालवणपासून थोडं आत. घरामागचा चढ चढून गेलं की सडा लागतो, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. सड्याची एक बाजू उतरत उतरत खाली काजूच्या झाडांपर्यंत जाते. त्या उतारावरचं गवत बारीक, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नसत, म्हणून ते कुणी कापत नसे. दिवाळीनंतरच्या उन्हात ते सुकतं, आडवं पडतं, खालचे दगड झाकून टाकतं आणि इतकं गुळगुळीत होतं की त्यावर अनवाणी उभं राहता येत नाही. मग परसातून पोफळीची विरी आणायची. पोफळीची झावळ गळते तिच्या बुडाशी चामड्यासारखा रुंद, वाकलेला भाग असतो, तीच विरी. त्यात फतकल मारून बसायचं, पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा, पाय उचलायचे आणि अंग सोडून द्यायचं. काजूपर्यंत पोचेस्तोवर कानात वारा भरलेला असे आणि तोंडात गवताचा भुसा.

पण हे सगळं तुळशीचं लग्न लागल्यावर. आवळा-चिंच जशी तुळशीला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, तसा तो उतारही आधी उष्टा करायचा नाही, असा पोरांचा नियम होता. नियमात तथ्यही होतं. त्याआधी गवत पुरतं सुकलेलं नसतं, मधे मधे दगड डोकं वर काढून असतात, आणि खाली काजूच्या सावलीत तर ते हिरवंच असतं. हिरव्या गवतावर विरी चिकटते.

मुलीही घसरत. शहाण्या झाल्या की बंद. मी बंद केलं नाही. काटक्या आणायला म्हणून जायचे आणि दोन-चार फेऱ्या मारून, पोलक्यातलं गवत झटकून, काटक्यांची मोळी घेऊन घरी यायचे. आईला ठाऊक असणार. ती बोलत नव्हती, इतकंच.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. नवरा मुंबईला नोकरीला, त्याची रजा थोडी. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरचा अगदी पहिला मुहूर्त धरला. ‘पयलोच मुहूर्त गावलो, चेडवाचा नशीब!’ असं म्हणत बाबा आपल्या मुलीचं नशीब वाडीभर सांगत फिरले. कुणाला त्यात काही खटकलं नाही. ज्या दिवसाने सडा मोकळा व्हायचा, त्याच दिवसाने लग्नसराई सुरू व्हायची, आणि मला त्या दोन्हींमधली एकच गोष्ट मिळणार होती. ती कोणती, हे मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. नवरा मुंबईला परत जाणार आणि मी गावी सासूच्या हाताखाली राहणार, हेही असंच परस्पर ठरलं होतं. लग्न माझं, पण त्यात माझं मत सोडून बाकी सगळ्यांची मतं होती.

दिवाळी झाली आणि आईने मला घराबाहेर सोडणं बंद केलं. उन्हात काळी पडशील, कुणाची दृष्ट लागेल, पायात काटा मोडेल. त्यात त्या वर्षी पाऊस हटायलाच तयार नव्हता. दिवाळीच्या कंदिलांवर सरी पडल्या. मी मागीलदारी उभी राहून सड्याकडे बघायची आणि संतापाने नुसती जळायची. पावसाचा राग, मुहूर्ताचा राग, आणि सगळ्यात जास्त राग मला ‘एवढं काय त्यात?’ म्हणणाऱ्यांचा यायचा.

एकदाची संधी आली. दादा मांडवासाठी काठ्या तोडायला सड्यावर गेला होता आणि आई शेजारणींबरोबर लग्नाचे पोहे कांडत होती. दादाची पेज पोचवायला दुसरं कुणी नव्हतं. मी एका हातात पेजेचं भांडं घेतलं आणि दुसऱ्या हातात परसातली विरी. ताजी, ओलसर, न तडकलेली विरी मी आदल्या दिवशीच बघून ठेवली होती.

दादा माझ्याहून दीडेक वर्षाने मोठा. त्याने विरी बघितली आणि कोयता खाली ठेवला.

“ही कित्याक हाडलंस?”

“तुका म्हायत आसा कित्याक ता.”

“येडा की काय तू! तुळशीचा लगीन लागूक नाय अजून.”

“त्याच्या पाठसून माझा लागतला. मगे काय करू?”

त्यावर तो उतार बघायला निघाला. आम्ही दोघांनी तो वरून खाली चालून बघितला. वरच्या टोकाला, वारा लागतो तिथे, गवत चांगलं पिवळं झालं होतं. पाय ठेवला की सटकत होता. मध्यावर ते अर्धवट उभं होतं आणि मधून मधून जांभा दिसत होता. त्याखाली काजूपर्यंत सगळं हिरवं. दादाने मूठभर गवत उपटून माझ्या हातात दिलं. ते थंड होतं.

“बघ. अर्धोच उतार आसा. वायच सुरू झाला म्हणतंस तवसर चिकाटतला. त्यात मजा कसली? आणि पाय मोडलो तर?”

“पुरो उतार खंय आसा, सांग. मी थंय जातंय.”

“थांब गो. फुडल्या वर्षी म्हायेराक येशीत तेवा…”

इथे माझा तोल गेला. मी त्याच्यावर इतकी ओरडले की खालच्या काजूतले पक्षी उडाले. फुडल्या वर्षी! त्याला तो उतार आठवड्याभराने मिळणार होता, पुढल्या वर्षी मिळणार होता, मिशा पिकल्यावरही कुणी अडवणार नव्हतं. माहेरपणाला आलेली बाई विरीवर बसून घसरताना त्याने तरी कधी बघितली होती? तो गवताबद्दल खरं बोलत होता, एक शब्द खोटा नव्हता. अर्धा उतार म्हणजे खरोखरच हलकी गंमत होती, धोका मोठा आणि आनंद चिमूटभर. पण हा हिशेब ज्याच्यापुढे पुरा उतार आहे त्याचा झाला. माझ्यापुढे अर्धा होता आणि त्याच्या पुढे काही नव्हतं.

मी लुगड्याचा काचा मारला, विरीत बसले आणि त्याला म्हटलं, “ढकल, नायतर बाजूक हो.”

त्याने ढकललं. एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

वरचा भाग सुरेख गेला. विरी सुरुवातीला खरखरली, मग गवताने तिला उचलून घेतलं, आणि खालची खाडी, माड, आमच्या घराची कौलं, सगळं माझ्याकडे धावत आलं. मी मोठ्याने हसत होते. सकाळपासूनचा, दिवाळीपासूनचा, सुपारी फुटल्यापासूनचा राग त्या वाऱ्यात कुठल्या कुठे गेला. दोन दगड चुकवले. तिसरा चुकवला आणि हिरवं लागलं. विरी जागच्या जागी थांबली. मी थांबले नाही.

दादा धावत आला तेव्हा मी जांभ्यावर पालथी होते. उजवा गुडघा सोलून निघाला होता. त्याने आपल्या पंच्याची चिंधी फाडून बांधली, आणि बांधता बांधता मला म्हणाला, “उतावळी न्हवरी, गुडघ्याक बाशिंग.” मला हसू आलं आणि त्याला एक ठोसाही दिला. पुन्हा वर जाऊन बसावंसं वाटत होतं, पण पाय टेकत नव्हता. दादाने नंतर मला अनेकदा विचारलं, एवढ्याशा घसरण्यासाठी एवढं करण्यात काय अर्थ होता? अर्थ होता. त्या महिन्यात माझ्या बाबतीत जे जे घडलं त्यातली तेवढी एकच गोष्ट मी ठरवली होती.

घरी आले तर आई दारातच. रक्त बघून तिने मुसळ टाकलं आणि माझी हनुवटी धरली.

“तोंड दाखय आधी! तोंडार लागला काय?”

“नाय. गुडघ्याक.”

आईने मोठा श्वास सोडला. “मगे काय नाय. लुगड्याखाली झाकतला.”

दुखतंय का, हे तिने विचारलं नाही. मुठेल गरम करून, म्हणजे आमच्याकडचं कोकमाचं तेल, तिने गुडघ्यावर चोपडलं, आणि चोपडता चोपडता मला शिव्या दिल्या. त्या शिव्यांचं मला काही वाटलं नाही. त्या सुटलेल्या श्वासाचा राग मात्र मी आईला जाऊन इतकी वर्षं झाली तरी सोडलेला नाही. जे दिसत नाही ते झालंच नाही, असा तो श्वास होता.

दुसऱ्या दिवशी होणारी सासू शालू दाखवायला आली. आईने बजावलं होतं, सरळ चाल. मी चहा घेऊन बाहेर आले आणि दोन पावलांतच बाईंनी ओळखलं. नजर करडी होती त्यांची.

“पायाक काय झाला गो?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “भाताचो भारो घेवन येताना बांधार पडला. कितीय सांगा, बसान ऱ्हवणा नाय.”

बाईंचा चेहरा उजळला. “कामाचा चेडू आसा म्हणजे. आमका असाच होया होता.” बाबाही खूश होऊन मान हलवायला लागले. माझी अख्ख्या वर्षातली एकुलती एक मजा माझ्या डोळ्यांदेखत भाताच्या भाऱ्यात बांधली गेली आणि सासरच्या पदरात पडली. गुडघा ठणकत होता त्याहून ते जास्त लागलं. मोडलं लग्न तर मोडलं, असं मनाशी म्हणून मी बशी खाली ठेवली.

“भारो नाय, काय नाय. सड्यार विरयेत बसान घसरत होतंय. थंय पडलंय.”

आईने पदर तोंडाला लावला. बाबा जमिनीकडे बघत राहिले. होणाऱ्या सासूने मला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एकदा बघून घेतलं, बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. त्या जराही रागावल्या नव्हत्या.

“जातला ता खूळ,” त्या आईला म्हणाल्या. “आमच्याकडे सडो नाय.”