गाजराचा हलवा आणि दामूभाऊजींची पट्टी

दामूभाऊजी गेल्याचं मुरारहून कळलं, तेव्हा मी गाजरंच किसत होते… त्यांनीच दिलेल्या किसणीवर. हात थांबला. मग उरलेली दोन गाजरं किसून संपवली. अर्धवट टाकलेलं काम त्यांना खपत नसे.

हे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन जयेंद्रगंजात आले तेव्हा घरातले सगळे दरबारच्या दप्तरात कारकून, आणि भाऊजींना वेड सुताराचे रंधे घडवायचं. मुरारला रंधे घडवणारे उस्ताद म्हणाले होते, स्वतःच्या हत्यारांनी एक रंधा करून आण, मग कारखान्यात घेतो. मामंजींनी संक्रांतीपर्यंत मुदत दिलेली, नाहीतर दप्तर. रंध्याचं पातं ज्या तिरक्या खाचेत बसतं, ती आतून सपाट करायचं हत्यार बाजारात मिळेना. म्हणून भाऊजींनी एका पोलादी पट्टीवर कानशीनं एकेक दाता पाडला, तापवून तिला पाणी दिलं. महिना गेला त्यात.

आणि मी? सोळा वर्षांची दीडशहाणी! घरी पाहुणे, किसणी मोडलेली, आणि कोनाड्यात ही छान दातेरी पट्टी. शेरभर गाजरं किसली, वर विटेच्या पुडीनं खसाखसा घासून ती ओलीच ठेवून दिली. केवढी माझी टापटीप! दाते बोथटले, गंज चढला. नवी करायला वेळ नव्हता. भाऊजींनी तीच चालवली, पण खाच नीट सपाट झाली नाही. उस्तादांनी रंधा एकदाच फिरवून पाहिला म्हणे. "पाता नाच रहा है, पंडित. ले जा."

"झालं समाधान? सोमवारपासून दप्तर," मामंजी म्हणाले. मी दाराआड उभी… आणि एरवी अखंड चालणारं माझं तोंड नेमकं तेव्हा बंद! भाऊजींनी हातापाया पडून आणखी एक महिना मागून घेतला. नवी पट्टी, नवा रंधा. या वेळी उस्तादांनी आपल्या शेजारची जागा दाखवली.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शिसवी मुठीची किसणी ठेवली. "वहिनी, गाजरं हिच्यावर. मग पुसून तेल लावायचं."

"म्हणजे… तुम्हाला कळलं होतं?"

"दात्यांत लाल धागे होते."

"मग मामंजींना का नाही सांगितलंत?"

"हलवा चांगला झाला होता."

साफ खोटं! हलवा खाली लागला होता, साऱ्या घरानं पाणी पीत गिळला होता.

परवा किसणी धुतली, पुसली, मुठीपासून टोकापर्यंत तेलाचं बोट फिरवलं. नात बघत होती. "आजी, किसणीला कोणी तेल लावतं का?"

म्हटलं, "ज्यांनी एकदा लावलं नव्हतं, ते लावतात."